अंजनाबाईच्या चुलीचा धूर

“मोजा सायब, चांगल्या मोजा,” तुळशीराम पाटील ओसरीच्या मधोमध उभे राहून म्हणाले. “या घरात चुली किती हायेत, थे तुमीच सांगा.”

पळसोकर वकिलांनी चष्मा पुसला. स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. मग उत्तरेकडच्या दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, खाली वाकून कोपरेसुद्धा पाहिले, आणि कागदावर लिहिलं: चूल, एक.

मी त्यांच्या मागे उभा होतो आणि माझं डोकं फिरलं होतं. उत्तरेच्या खोलीत आता ज्वारीची कणगी होती. कणगीखाली शेणाचं सारवण होतं, इतकं ताजं की बोट लावलं तर ठसा उमटेल. पंधरा दिवसांपूर्वी त्याच जागी एक चूल होती. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या चुलीवरची भाकर आणि अंबाडीची भाजी मी स्वतः खाल्ली होती. दोन भाकरी, आणि तिसरी नको नको म्हणत.

“पळसोकर साहेब, इथे चूल होती,” मी म्हणालो. “मी डोळ्यांनी पाहिली आहे.”

“तुम्ही साक्ष देताय?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

खटला चालवणारा वकील स्वतःच त्या खटल्यात साक्षीदार व्हायला निघाला, तर त्याला आधी वकीलपत्र सोडावं लागतं. एक तर कोट ठेवा, नाही तर तोंड उघडा. मी कोट सोडला असता तर अंजनाबाईला, म्हणजे पाटलांच्या विधवा भावजयीला, दुसरा वकील कुठून मिळणार होता? मीसुद्धा तिला मिळालो होतो तो, तिच्या भावाच्या शब्दात सांगायचं तर, “सगळ्यात कमी गिऱ्हाईक असलेला” म्हणून.

“तुम्ही पाहिली ती चूल तुमच्या पोटात,” पळसोकर म्हणाले. “मला दिसते ती माझ्या कागदात.”

पळसोकर त्या दिवशी कमिशनर होते. कमिशनर म्हणजे घोड्यावरून फिरणारा गोरा साहेब नव्हे. कोर्टाला जागेवर जाऊन पाहता येत नाही, म्हणून कोर्ट एखाद्या तिऱ्हाईत वकिलाला पाठवतं आणि सांगतं, जे दिसेल ते लिहून आण. त्याचं नाव कमिशन. पळसोकर या कामासाठी बुलढाण्यात प्रसिद्ध होते. भिंत पाच हात असली तर पाचच लिहीत, सव्वापाच म्हणून कोणी पाया पडलं तरी. कमिशनवर असताना कोणाच्या घरचा घोटभर चहा घेत नसत. घरून दशम्या बांधून आणत आणि झाडाखाली बसून खात. असा माणूस आपल्या विरुद्ध लिहितो तेव्हा त्याच्यावर रागावताही येत नाही, हा खरा त्रास.

आता मूळ भानगड सांगतो. वऱ्हाड तेव्हा म्हणायला निजामाचं होतं आणि कारभार मध्यप्रांताचा, म्हणजे हुकूम यायचे नागपूरहून. कागदावर मालक एक आणि घर चालवणारा दुसरा, हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना काही नवीन नव्हतं. मी वकिली सुरू करून तीन वर्षं झाली होती. तात्यासाहेब म्हणून एक मोठे वकील होते, त्यांच्या ऑफिसात एका कोपऱ्यात माझं टेबल होतं. देऊळघाटच्या पुढे एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पक्षकारांची नातवंडं अजून तिथे नांदतात आणि त्यातला एक माझ्या मुलाचा मित्र आहे.

त्या गावात तुळशीराम आणि रामभाऊ असे दोन भाऊ. बाप गेल्यावर काही वर्षांनी दोघं वेगळे झाले. भांडण नाही, तंटा नाही. जुन्या घराच्या दक्षिणेच्या खोल्या थोरल्याच्या, उत्तरेच्या धाकट्याच्या. वावर मधोमध धुरा, म्हणजे बांध, घालून अर्धं अर्धं. फक्त एक गोष्ट केली नाही. कागद केला नाही. “भावाभावात कायचा कागद?” हे वाक्य मी माझ्या आयुष्यात जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा मारुतीचं नावसुद्धा घेतलं नसेल. पटवाऱ्याच्या कागदावर सगळं थोरल्याच्या नावानं राहिलं.

मग रामभाऊ तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि तुळशीरामांनी भावजयीला निरोप पाठवला: घर आमचं आहे. राहायचं तर आमच्या चुलीवर दोन वेळा भाकर मिळेल. नाही तर जानेफळला माहेर आहे, रस्ता मोकळा आहे.

ती भावाला घेऊन आमच्या ऑफिसात आली. तिशीची असेल. डोक्यावरून पदर, पण नजर सरळ. मी तिची हकिकत ऐकली, कळवळलो आणि तासाभरात झकास दावा लिहून काढला. एकत्र कुटुंबातली विधवा, तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, पोटगीचा हक्क आहे, दिरानं तिला बाहेर काढू नये. भाषा अशी की वाचताना माझंच मन भरून आलं. तात्यासाहेबांनी तो वाचला आणि टेबलावर आपटला.

“अरे शहाण्या, तू तिचं घर दिराला देऊन टाकलंस आणि आता त्याच्याकडे ओसरी मागतोस?”

माझी चूक अशी होती. त्या वेळी बायकांच्या हक्काचा नवा कायदा यायचा होता. जुना हिंदू कायदा म्हणायचा, भाऊ एकत्र असताना एक मेला तर त्याचा हिस्सा जिवंत भावाकडे जातो. विधवेला मिळतं काय, तर अन्नवस्त्र आणि डोक्यावर छप्पर. तिला हाकलून देता येत नाही, एवढंच. पण भाऊ आधीच वाटणी करून वेगळे झालेले असतील, तर मेलेल्याचा हिस्सा त्याच्या बायकोचा. तिच्या हयातीपर्यंत का होईना, पण घराची मालकीण ती. आणि मी पहिल्याच ओळीत ‘एकत्र कुटुंबातली’ असं लिहून मोकळा झालो होतो.

मी हे सगळं अंजनाबाईला समजावून सांगितलं. अर्धा तास लागला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे वकील सायब, चूल एक असन तं मी पाहुनी, अन् दोन असतीन तं मालकीन?”

इतका सोपा कायदा मला नागपूरला लॉ शिकताना कोणी सांगितला नव्हता. नुसती चूल वेगळी म्हणजे वाटणी सिद्ध झाली असं नाही, वेगळी पेरणी, वेगळे बैल, वेगळा व्यवहार हेही दाखवावं लागतं. पण गावात चूल वेगळी असली की बाकीचं पटवून देणं सोपं जातं. मी दावा फाडला आणि नवा लिहिला. मुख्य मागणी: अर्धं घर, अर्धं वावर माझं आहे. ते नाहीच झालं तर निदान राहायचा हक्क द्या.

साक्षीदार मिळेनात. सगळ्या गावाला माहीत होतं की भाऊ वेगळे आहेत. गावात एकाला विचारलं तर तो म्हणाला, “हाव, वेगळेच हायेत. पन मले इचारू नका.” दुसरा म्हणाला, “वकील सायब, तुमी दमनीत बसून बुलढान्याले चालले जासान. आमाले इथंच राह्यचं हाय.” तुळशीराम पाटील गावातलं वजनदार माणूस. आडदांड नव्हते, वाईटही म्हणता येणार नाहीत, पण मानासाठी मरणारे. कोणाच्याही पंगतीत पहिलं पान त्यांचं. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय गाव जेवायचं नाही. त्यांच्या आजोबांपासूनची रीत होती ती.

तेव्हा माझी सगळी भिस्त त्या उत्तरेच्या चुलीवर होती. मीच कोर्टाकडे कमिशन मागितलं. म्हटलं, जागा पाहा, चुली मोजा. कोर्टानं तारीख दिली. आणि मधल्या काळात अंजनाबाई भाच्याच्या बारशाला चार दिवस जानेफळला गेली. आली तेव्हा चूल गायब, कणगी हजर. वर जाऊबाई भाकर घेऊन दारात उभी: “आता अलग काऊन करता? एकाच चुलीवर खाऊ.”

आणि मीच मागितलेलं कमिशन मलाच खाऊन बसलं होतं. पाटलांचे वकील चिखलीचे. ते आलेसुद्धा नव्हते. एक चूल मोजायला दोन वकील कशाला, असं त्यांनी म्हटलं म्हणे.

तेवढ्यात फाटकात सोनाजी न्हावी आला.

त्या दिवशी माधवराव देशमुखांच्या नातवाचं जावळ होतं. मारुतीच्या देवळापुढे रोडग्यांची पंगत होती. गावजेवणाचं आवतन, म्हणजे बोलावणं, घरोघर फिरून सोनाजीच द्यायचा. आवतनाचे प्रकार असतात. एक माणूस बोलवायचं तर ‘एक पान’. अख्खं घर बोलवायचं तर ‘चूलबंद’. चूलबंद म्हणजे त्या वेळेला त्या घरची चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यजमानाकडेच जेवायचं.

सोनाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. कमिशनर पाहिला, मला पाहिलं, पाटलांना पाहिलं. डोकं खाजवलं.

“पाटील,” तो म्हणाला, “आवतन... एक देऊ का दोन?”

माझे कान टवकारले. म्हणजे आजवर या घराला दोन आवतनं जात होती!

पण पाटलांनी संधी साधली. मिशीवर हात फिरवून ते मोठ्यानं म्हणाले, “दोन काऊन? घर एक, चूल एक, आवतन एक! लिहून घ्या कमिशनर सायब.”

“मी ऐकीव गोष्टी लिहीत नाही,” पळसोकर म्हणाले.

“ऐकीव कशी? मी तुमच्या समोर बोलून राह्यलो ना! समोर बोललेलं लिहा.”

पळसोकरांनी क्षणभर विचार केला. “ठीक. समोर बोललेलं लिहितो,” म्हणाले, आणि लिहिलं: प्रतिवादी स्वतः सांगतो की घरात चूल एकच आहे.

झालं. उरलीसुरली इमारतही कोसळली. मी सोनाजीला विचारलं, आजवर किती आवतनं देत होतास. तो म्हणाला, “मालक, मी काई शिकेल माणूस नाई, मले मोजता येत नाई,” आणि पळून गेला. दीडशे घरांची आवतनं तोंडपाठ असलेला माणूस, आणि एक नि दोन मोजता येत नाही!

अंजनाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. इकडची बाई नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर पोराला सांगते, भिंतीला सांगते. अंजनाबाई गायीला सांगायची.

“कपिले,” ती गायीच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, “ऐकलं का व माय? चूल एकच हाय म्हने. मंग आवतनबी एकच. बरं झालं बाई, एकदाचं समजलं.”

आणि हसली! मला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. पाटील खूश होऊन नवं धोतर नेसायला आत गेले. ती पटकन माझ्याजवळ आली.

“वकील सायब, सोनाजीनं चूलबंदच आनलं होतं ना?”

“चूलबंदच असणार. तुमच्या घरी दुसरं कोणतं येणार?”

“मंग तुमी जेवाले जा. पन जरा दमानं. पान वाढलं की लगेच घास घेऊ नका.”

“आणि तुम्ही?”

“माहा आज उपास हाय,” ती म्हणाली.

वार कोणता होता आठवत नाही, पण उपासाचा नक्कीच नव्हता.

देवळापुढचं मैदान उंचावर होतं. तिथून सगळं गाव दिसायचं. दोनेकशे माणूस मांडी घालून बसलं होतं, बायकांची पंगत पलीकडच्या बाजूला. पत्रावळीवर तुपात चुरलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर वरण ओतणं चाललेलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. पळसोकरांनी आपली पंगत निंबाच्या झाडाखाली एकट्याची मांडली होती, एका बाजेवर. दशमी हातात, कागदांची चळत मांडीवर. अधूनमधून रोडग्यांकडे पाहत होते आणि मग दशमीकडे. माणूस इमानदार असला तरी त्याला नाक असतंच की.

पहिल्या पानावर तुळशीराम पाटील. माधवराव देशमुख हात जोडून उभे राहिले. आता देवाचं नाव घेणार, पाटील पहिला घास घेणार आणि दोनशे हात पत्रावळीवर पडणार, इतक्यात कोणीतरी म्हणालं, “आबे, धूर कुठून निघून राह्यला?”

सगळ्यांच्या माना वळल्या. गाव कसं शांत पडलं होतं. चूलबंद आवतन असल्यामुळे एकाही घरावर धूर नव्हता. आणि मधोमध एका घराच्या अंगणातून असा दाट, पांढरा, भला थोरला धूर निघत होता की जणू गूळ शिजतोय. ओल्या गोवऱ्या घातल्याशिवाय असा धूर निघत नाही.

“तुळशीराम,” देशमुख म्हणाले, “थे तुयं घर हाय ना?”

“शेजारचं असन,” पाटील म्हणाले.

“आमी शेजारी इथंच बसलो हावोत,” पंगतीतून आवाज आला.

सोनाजीला पळवला. तो धापा टाकत परत आला. “मालक, अंजनाबाईनं अंगनात तीन दगडं मांडले. चूल पेटोली. भाकरी थापून राह्यल्या.”

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून सांगतो. चूलबंद आवतन घ्यायचं आणि त्याच वेळेला घरी चूल पेटवायची, याचा गावात एकच अर्थ होतो: तुझ्या घरचं अन्न आम्ही अन्न समजत नाही. यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं आहे ते. आणि ज्या चुलीनं हे केलं, त्या चुलीची सगळी पानं पंगतीतून उठतात. त्याला अपील नाही.

देशमुख सत्तरीचे. रागानं ते दोन पावलं पुढे आले. “तुळशीराम, माह्या नातवाचं जावळ हाय आज. माह्या दारचं चूलबंद आवतन घेऊन तुया घरी चूल पेटली? ऊठ. पान उचल.”

“अहो पन देशमुख...”

“म्या सोनाजीले इचारलं, पाटलाकडं किती आवतनं देल्ले? म्हने एक. चूल एकच हाय म्हने. मंग एकाच चुलीचा धूर हाय ना थो? ऊठ!”

तिकडे भुकेलं गाव चुळबुळ करायला लागलं. एक म्हातारा ओरडला, “अबे तुळशीराम, ऊठ नाई तं काईतरी बोल! वरन थंडं होऊन राह्यलं!” दुसरा म्हणाला, “पयलं पान आज दुसऱ्याले द्या.” तिसऱ्यानं तर लगेच नावसुद्धा सुचवलं, आणि ते नाव पाटलांच्या सोयऱ्याचं होतं, ज्याचं ते तोंडही पाहत नसत.

तुळशीराम पाटील उभे राहिले. लालबुंद झाले होते. आजोबांपासूनचं पहिलं पान समोर होतं आणि ते जात होतं. मला त्या क्षणी त्यांची दयासुद्धा आली, खोटं कशाला सांगू.

“थे माही चूल नाई!” ते ओरडले. “माही चूल बंद हाय! जाऊन पाहा, थंडीगार हाय! थे तिची चूल हाय! रामभाऊ होता तवापासून अलग हाय तिची चूल! आठ वर्सं झाले आमाले अलग होऊन, सगळ्या गावाले मालूम हाय! तिले अलग आवतन द्याले पायजे होतं. सोनाजीनं देल्लं नाई, त्यात माहा काय गुन्हा?”

“मालक,” सोनाजी काकुळतीनं म्हणाला, “म्या तं इचारलं होतं. एक देऊ का दोन.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बायकांच्या बाजूला खसखस पिकली. लोक कशाला हसतात ते अजून न समजून पाटील इकडेतिकडे पाहत होते. तेवढ्यात निंबाखालून आवाज आला.

“आठ वर्षं म्हणालात ना, पाटील?” पळसोकरांनी दशमी बाजूला ठेवली होती. टाक कागदावर होता. “की नऊ?”

पाटील निंबाकडे वळले.

“तुमचीच सूचना होती,” पळसोकर शांतपणे म्हणाले. “समोर बोललेलं लिहा.”

मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या पाहिल्या. उलटतपासणीत घाम गाळून काढलेल्या, फसवून काढलेल्या. पण दोनशे साक्षीदारांपुढे, कमिशनरच्या देखत, प्रतिवादीनं स्वतः उभं राहून घसा ताणून दिलेली कबुली तेवढीच. आणि ती काढण्यात माझा हात काय? मी रोडग्याकडे पाहत बसलो होतो, एवढाच. आता साक्षीदारांचाही प्रश्न मिटला होता. “मले इचारू नका” म्हणणारा माणूस आता म्हणू शकत होता, मी काही नवीन सांगत नाही, पाटील बोलले तेच सांगतो. आणि पळसोकर माझ्यासारखे कोणाचे वकील नव्हते. त्यांना कोर्ट खुशाल पिंजऱ्यात उभं करून विचारू शकत होतं.

देशमुखांना सगळी मेख कळली. म्हातारा हुशार होता. त्यांनी सोनाजीला सांगितलं, “जा. अंजनाबाईच्या दारात उभा राह्य. तिच्या नावानं अलग आवतन दे. चूलबंद. अन् आवाज इथवर आला पायजे.”

सोनाजी गेला. त्याचा घसा दांडगा. “अंजनाबाईऽऽ! देशमुखाकडचं चूलबंद आवतन हाय होऽऽ!” मैदानावर लख्ख ऐकू आलं. थोड्या वेळानं धूर पातळ झाला आणि थांबला. मग ती आली, डोक्यावरून पदर घेतलेला, हाताला पीठ तसंच. बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. बाजूला जाऊबाई होती. तिनं सरकून जागा करून दिली.

पाटलांना पहिलं पान मिळालं. घास घेताना ठसका लागला, पण घेतला.

पळसोकरांनी तिथल्या तिथे अहवाल पुरा केला. कोणत्या वेळी कोणत्या जागी किती चुली दिसल्या, अंगणातल्या तीन दगडांसकट, आणि प्रतिवादी दोन वेळा काय काय बोलला. मला वाचून दाखवला, पाटलांना वाचून दाखवला, सह्या घेतल्या, टाक पुसून खिशात ठेवला. मग उठून पंगतीत येऊन बसले.

“कमिशन संपलं,” ते म्हणाले. “आता वाढा.”

चार रोडगे खाल्ले त्यांनी. मी मोजले. मलाही दिसेल ते मोजता येतं.

पुढच्या तारखेला पाटलांचे चिखलीचे वकील तडजोडीचा मसुदा घेऊनच आले. अर्धं घर, अर्धं वावर आणि कपिला गाय अंजनाबाईकडे. अंगणात मधोमध भिंत घालायची, तिला दार ठेवायचं. कणगी हलवायची आणि चूल होती तिथे परत घालून द्यायची. सगळं लिहून झालं, मी आनंदानं सही करायला निघालो, तर अंजनाबाईनं कागदावर हात ठेवला.

“एक राह्यलं. गावजेवनाचं आवतन माह्या दारात अलग आलं पायजे. लिहा.”

“बाई, हे कोर्टाच्या कागदात बसत नाही,” मी म्हणालो.

“बसवा.”

मी बसवलं. जज्जसाहेब जबलपूरकडचे होते. मराठी सावकाश वाचायचे. त्या कलमाशी येऊन थांबले. म्हणाले, हे काय? कोर्ट लोकांना जेवायला बोलवा म्हणून हुकूम कसा काढणार? मी काही बोलायच्या आत ती पुढे झाली.

“सायब, घर मले तुमच्या कागदानं भेटन. पन गावात कोनी कागद वाचत नाई. दारात आवाज नाई आला तं लोक म्हनतीन, भासऱ्याच्या घरात पडून हाय बिचारी. मले बिचारी नाई राह्यचं.”

जज्जसाहेबांनी पाटलांकडे पाहिलं आणि विचारलं, तुमची काही हरकत?

“नाई, नाई सायब,” पाटील घाईघाईनं म्हणाले. “हे कलम आधी लिहा. सगळ्यात वर लिहा. माहा अन् त्या धुराचा काई संबंध नाई, हेबी लिहा.”

जज्जसाहेबांनी धुराचं लिहिलं नाही, पण कलम राहू दिलं.

त्यानंतर बत्तीस वर्षं मी वकिली केली. कायदे बदलले, बायकांना पुष्कळ हक्क मिळाले. घराचा हक्क विचारायला बाई आली की मी आधी पुस्तक उघडत नसे. विचारायचो, बाई, गावजेवणाचं आवतन तुमच्या घरी अलग येतं का? त्या एका उत्तरावरून दाव्याची पहिली ओळ काय लिहायची ते ठरायचं. तात्यासाहेबांचा शिव्यांचा वेळ वाचला. आणि पक्षकार म्हणाला की आज माझा उपास आहे, तर त्याच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, हेही शिकलो.

दुसऱ्या वर्षी तुळशीराम पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. भिंतीची तक्रार आहे का ते पाहायला मी गेलो होतो. अंजनाबाईच्या ओसरीवर बसलो होतो, समोर तीच ज्वारीची भाकर. भिंतीतलं दार वाजलं. सोनाजी असेल असं मला वाटलं. पण पाटील स्वतः आले होते, हातात अक्षता. त्यांनी भावजयीकडे पाहिलं नाही. रीतच नव्हती. गोठ्याकडे तोंड करून घसा साफ केला.

“कपिले,” ते म्हणाले, “तुया मालकिनीले सांग. परवा माह्या पोरीचं लग्न हाय. चूलबंद.”

अंजनाबाईनं पदर सावरला. “कपिले,” ती म्हणाली, “म्हन, येतो. चूल बंद ठेवतो.”

गाय रवंथ करत राहिली. मी सगळं ऐकलं, पण माझी साक्ष या वेळी कोणी मागितलीच नाही.